खिडकीतलं स्टँडर्ड

“लॉट गडद आलाय,” मी म्हणालो.

बालय्या मास्तरांनी माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला, खिडकीपाशी नेला, उलटा केला. “काय सांगताय अप्पा! रेसिपी तीच हाय, पाणी तेच हाय. गडद कसं येईल ओ?”

“मला विचारू नका. स्टँडर्डशेजारी ठेवून बघा.”

त्यांनी बघितलं. फरक होता.

सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी क्वालिटी बघत होतो आणि बालय्या डायिंग मास्तर होते, म्हणजे रंगाचा सगळा भार त्यांच्यावर. ग्राहक पसंत केलेल्या रंगाचा एक तुकडा आम्हाला देतो, त्याला स्टँडर्ड म्हणतात. त्याचा जोडीदार तुकडा ग्राहकाकडे असतो. माल त्या तुकड्याशी जुळला तर पास, नाही तर रिजेक्ट. हा ग्राहक दरवर्षी तोच वांगी रंग मागवायचा.

माझा काटेकोरपणा प्रसिद्ध होता. घरी चपला भिंतीला समांतर लागत. भाजीची फोड लहानमोठी झाली तर माझा हात ताटात थांबायचा आणि बायको म्हणायची, “रिजेक्ट करताय का?” कारखान्यातली पोरं म्हणत, अप्पा भाकरीचीसुद्धा शेड बघून तुकडा मोडतात. मला ते आवडायचं.

मालकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. कंटेनर लागायचा होता, ग्राहकाचा इन्स्पेक्टर मुंबईहून निघणार होता.

“मास्तर, रंग थोडा उतरवून परत डाय करा,” मालक म्हणाले.

“न्हाई करणार. माल बरोबर हाय.”

“अप्पा चुकीचं सांगतायत का?”

“अप्पांचं मला म्हाईत न्हाई. माझं मला म्हाईत हाय. चांगला माल मी हातानं बिघडवणार न्हाई.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

बालय्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो, ‘थांबा, पुन्हा बघू’ एवढाच, तर मालक थांबले असते. पण मला पुन्हा बघायची गरजच वाटत नव्हती. मास्तर डबा घेऊन गेले. त्यांच्या हाताखालच्या माणसाने रंग उतरवला, परत डाय केला. आता माल माझ्या तुकड्याशी तंतोतंत जुळत होता. मी पासची सही केली.

इन्स्पेक्टर आला. त्याने काळ्या पाकिटातून आपला तुकडा काढला, मालावर ठेवला आणि मान हलवली. “फिका आहे. सगळाच फिका आहे.”

तो फोन करायला बाहेर गेला. मी माझा तुकडा त्याच्या तुकड्याला लावला. माझ्याच तुकड्याचा रंग उडालेला होता.

स्टँडर्ड काळ्या पाकिटात घालून कपाटात ठेवायचं असतं, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. पण पाकिटात तुकड्याला घडी पडते आणि घडीवर शेड वेगळी दिसते. ते मला खपत नसे. म्हणून मी तो सरळ, बिनसुरकुतीचा, टेबलाशेजारच्या खिडकीत चिमट्याला लावून ठेवत होतो. सोलापूरचं ऊन त्याला रोज थोडंथोडं खात होतं. मी रोज बघत होतो, म्हणूनच मला दिसलं नाही. ड्रॉवरमध्ये बालय्यांच्या मूळ, रंग उतरवण्याआधीच्या लॉटचा एक टॉवेल होता. तो इन्स्पेक्टरच्या तुकड्याशी जुळवून बघितला. जराही फरक नव्हता.

मालक धावत आले. “अप्पा, हे कसं झालं?”

मी म्हणालो, “मुळात डायिंग चुकलं होतं. परत डाय करताना रंग जास्त उतरला.”

माझं स्टँडर्ड कुणी मागितलंसुद्धा नाही. अप्पांचा तुकडा कोण तपासणार? ऑर्डर हातची गेली. ‘शेड चुकवणारा मास्तर’ म्हणून बालय्यांना एमआयडीसीत कुणी उभं केलं नाही.

मी रिटायर झालो. गेल्या वर्षी चादर घ्यायला एका दुकानात शिरलो, तर समोर बालय्या घड्या घालत बसलेले. दुकान जावयाचं. त्यांनी एक चादर उलगडून माझ्यापुढे धरली.

“बघा अप्पा, शेड बरोबर हाय न्हवं? न्हाई तर जावईपण काढून टाकेल.”

मी तिथेच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटची घडी झाल्यावर म्हणाले, “मला सांगून काय उपयोग? मी चुकलो न्हाई हे मला म्हाईतच होतं की. डायिंगमध्ये जाऊन सांगा. सगळ्यांच्या पुढं.”

“तुम्ही याल?”

“येणार की. ऐकायला तर येणारच.”

मालकांनी मशिनं थांबवायला नकार दिला, म्हणून मी त्या आवाजातच ओरडून सांगितलं. मागून एक जण म्हणाला, “ऐकू आलं न्हाई, परत सांगा.” मी परत सांगितलं. मालक बालय्यांकडे वळले. “मास्तर, परत येता का?”

“आता डोळ्याला कमी दिसतंय,” बालय्या म्हणाले. “तेवढं नाव साफ झालं. बास.”

ते दुकानात परत गेले. मी हे लिहितोय ते, त्या दिवशी जे डायिंगमध्ये नव्हते, त्यांच्यासाठी. मास्तर बरोबर होते. मी जन्मभर दुसऱ्यांचा माल तपासला; ज्याच्याशी तो जुळवत होतो, तो तुकडा एकदाही तपासला नाही. काटेकोर माणूस हाताखाली असेल तर त्याचं ऐका, पण त्याचं स्टँडर्ड अधूनमधून मागून बघा. तो रागावेल. रागावू द्या.