अण्णांनी धुतलेला फोटो

फोटो गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी दिगंबरअण्णा त्याचा वास घ्यायचे. परंड्यात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि त्यांचा स्टुडिओ भिंतीला भिंत लावून, त्यामुळं हा प्रकार मी रोज पाहिला. गिऱ्हाईक ताटकळलेलं आणि हे कागद नाकाशी धरून उभे. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा जरासा वास आला, तरी फोटो परत पाण्यात. “औषध राह्यलं की मानूस पिवळा पडतो,” ते म्हणायचे. “मानूस तर गेला, फोटो तरी नीट जगू द्या.”

ते पाणी आणायच्या त्यांच्या बायको, पारूवहिनी. लांबच्या विहिरीवरून, डोक्यावर. उन्हाळ्यात गाव टँकरची वाट बघत उभं असायचं आणि अण्णांच्या डार्करूमच्या मोरीतून पाणी वाहत असायचं. पेठेतले लोक शिव्या घालायचे. वहिनींनी घागर उतरवता उतरवता एकदा सगळ्यांदेखत सुनावलं, “घरात प्यायला न्हाय, आन् तुमी मेलेल्यांना आंघोळी घाला!” अण्णा हसले. मला हसू आलं नाही. बाईची मान कायमची वाकली होती.

वहिनी गेल्या तेव्हा त्यांचा फोटो अण्णांनी स्वतः केला. फोटोचा कागद मिळेनासा झाला होता, जपून ठेवलेला शेवटचा त्यासाठी काढला. फोटो मोठा करायच्या यंत्राच्या उजेडात, सावली पडेल तेवढा भाग उजळ उठतो म्हणून, हाताची सावली धरून धरून त्यांनी वहिनींचे डोळे खुलवले. त्या दिवशी पाणी मात्र त्यांनीच वाहिलं.

पुढं स्टुडिओ मुलाकडं, महेशकडं आला. गावच्या किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढायची टूम निघाली आणि नव्या जोडप्यांना जुनाट फोटो हवेसे झाले. महेश कॉम्प्युटरवर कडा काळ्या करायचा, पिवळेपणा आणायचा, डाग टाकायचा, ओरखडे ओढायचा. त्याला म्हणायचा ‘डार्करूम इफेक्ट’. नमुना म्हणून त्यानं दारात लावला तो आईचाच फोटो. पिवळा पडलेला, कपाळावर डाग, गालावर चरा.

अण्णांनी कपाळावरच्या डागावर बोट ठेवलं. “ह्यो डाग कुनी पाडला?”

“अण्णा, आता असंच चालतंय. लोकांना तुमच्या टायमाचा फील पायजे.”

“आमच्या टायमाला असला फोटो गिऱ्हाईक तोंडावर फेकीत व्हतं. तुज्या आईनं मान मोडून पानी आनलं, ते ह्यो डाग पडू नये म्हनून.”

महेश काही वाईट मुलगा नाही. त्यानं फोटो उतरवला. पण पालथ्या घड्यावर पाणी. आठवड्यानं फोटो परत दारात.

अण्णांनी स्टुडिओत पाऊल टाकणं सोडलं. माझ्या दुकानात येऊन रस्त्याकडं पाठ करून बसायचे. तिथंच त्यांनी माझ्यासमोर महेशला सांगितलं, “माझ्या फोटोला काय बी करू नको. साधा ठिव. येवढं ऐक.”

“व्हय अण्णा,” महेश म्हणाला.

गेल्या वर्षी अण्णा गेले. तेराव्याला मी घरी गेलो. भिंतीशी हार घातलेला मोठा फोटो. कडा करपलेल्या, चेहरा पिवळा, डोळ्याखालून तपकिरी ओघळ. पाहुणे मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेत होते. “काय जुनं काम हाय!” कुणीतरी म्हणालं. मला असा संताप आला, की काय करावं ते सुचेना. तांब्यातल्या पाण्यात रुमाल भिजवला आणि काच पुसायला लागलो.

महेशनं हळूच माझा हात धरला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

“पुसू नका काका,” तो म्हणाला. “अण्णांसाठी मुद्दाम केलंय. सगळ्यात भारी इफेक्ट हाय तो.”