सुमनसाठी केलेली स्मूदी

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरली. "स्ट्रोक आहे. हृदयातल्या झडपेवर रक्ताची गुठळी झाली आणि तिचा तुकडा मेंदूत गेलाय." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत यांच्या खाण्यात काही नवीन सुरू केलंत का?"

मी कौतुकाने सांगितलं, "हो, रोज सकाळी स्मूदी देतो. पालक, शेवग्याचा पाला, केळं, पेरू. सगळं आमच्या वाडीतलं."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली आणि मी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून घेतलं.

सुमन माझी बायको. लहानपणी आलेल्या रुमॅटिक फिवरने, म्हणजे सांधेतापाने, तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. अकरा वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली. तेव्हापासून वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, रोज घ्यायची आणि दर महिन्याला आयएनआर तपासायचा. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यावरून कळतं. हे सगळं ती एकटी करायची. एसटीने श्रीवर्धनला जायची, रक्त देऊन यायची. मी रोह्याला कंपनीत होतो, रविवारपुरता दिवेआगरला घरी. तिच्या गोळीचं नावही मला ठाऊक नव्हतं.

निवृत्त होऊन घरी आलो. वाडीला पाणी लावलं की दिवस मोकळा. सुमन थकलेली दिसायची. मोबाईलवर स्मूदीचे व्हिडिओ पाहिले आणि बोर्लीला जाऊन मिक्सर आणला. पहिल्या दिवशी झाकण नीट बसलं नाही. भिंतीवर हिरवे शिंतोडे उडाले आणि सुमन हसून हसून खाली बसली. तोंड वाकडं करत तिने पेला संपवला. त्या दिवसापासून एकही सकाळ मी चुकवली नाही.

तपासणीची तारीख आली तेव्हा मीच म्हणालो, "कशाला धावतेस? चेहरा बघ, कसा टवटवीत झालाय."

ती "बरं" म्हणाली. पुढच्या महिन्यातही मी तेच म्हणालो.

त्या सकाळी ती विळीवर भाजी चिरत होती. हातातली जुडी गळून पडली. काहीतरी बोलली, पण शब्दांचा अर्थ लागेना. अशक्तपणा असेल समजून मी तिला आडवं केलं आणि पाऊण तास वारा घालत बसलो. शेजारच्या रेखावहिनी आल्या म्हणून बरं.

"भावजी, तोंड वाकडं झालंय हिचं! गाडी काढा आधी!"

म्हसळा, माणगाव, मग पनवेल. पाऊण तास मी घरातच घालवला होता.

आयएनआर दीडच्याही खाली आला होता. तिचा अडीचच्या वर हवा. डॉक्टरांनी समजावलं, "हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं, ते रक्त गोठायला मदत करतं. यांची गोळी नेमकी त्याच्याविरुद्ध काम करते. पाला एकदम वाढला की गोळी कमी पडते. पालक वाईट नाही हो. आम्हाला विचारलं असतंत तर प्रमाण ठरवून दिलं असतं, डोस बदलला असता. तपासणी झाली असती तरी वेळेत कळलं असतं."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

चार दिवस आयसीयू, मग वॉर्ड. बाहेरच्या बाकावर बसून मी तिची फाईल पहिल्यांदा वाचली. अकरा वर्षांचे रिपोर्ट तारखेने लावलेले होते. शेवटचे दोन महिने तेवढे नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात तिला थोडं बोलता येऊ लागलं. एका दुपारी म्हणाली, "श्रीवर्धनच्या... सिस्टर... बोलल्या होत्या. पालेभाजी... एकदम... वाढवू नका."

"मग मला सांगितलं का नाहीस गं?"

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली. "तुम्ही... पहिल्यांदाच... माझ्यासाठी... काही केलंत."

मला तिथे उभं राहवेना. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

तुमच्या घरात कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर एवढंच सांगतो. कितीही पौष्टिक वाटलं तरी नवीन काही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. माणूस टवटवीत दिसतो म्हणून तपासणी टाळू नका. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, तर एक मिनिट न दवडता हॉस्पिटल गाठा.

सुमन आता घरी आहे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शब्द उशिरा येतात, पण येतात. रेखावहिनींमुळे आणि त्या डॉक्टरांमुळे ती आहे, हे मी विसरत नाही. श्रीवर्धनला आता आम्ही दोघं जातो. पालेभाजी आठवड्यातून दोनदा, ठरलेली वाटी.

परवा मी तिला विचारलं, "तुला काय खावंसं वाटतंय?"

ती नुसती बघत राहिली. शब्द सापडत नसेल असं वाटून मी थांबलो.

"हे... कधी... विचारलं नव्हतंत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "घावणे."

"पीठ कुठे असतं?"

तिने डाव्या हाताने फळीवरचा डबा दाखवला.