हिरवी पट्टी येईपर्यंत

माझ्या सासूबाई लंकाबाई यांना अक्षरओळख नव्हती, आणि म्हणूनच त्यांना काम मिळालं. बिनपगारी, आमच्याच सावेडीच्या फ्लॅटमध्ये, स्वतःच्या मुलाच्या हाताखाली.

मुलगा म्हणजे माझा नवरा, गोरक्षनाथ. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो घरून करतो. एआय एजंट नावाचा एक न दिसणारा गडी असतो. आपल्या वतीने तो ब्राउझर उघडतो, फॉर्म भरतो, तिकिटं काढतो. त्यासाठी त्याला अवजारं दिलेली असतात: पान उघड, बटण दाब, मजकूर भर, थांब. कोणतं अवजार कधी आणि कसं वापरायचं, ते गड्याला कळेल असं लिहून ठेवायचं, हे गोरक्षनाथचं काम. गड्याने आपली अक्कल चालवता कामा नये, इतकं नेमकं लिहावं लागतं.

सासरे गेल्यावर सासूबाई नेवाशाजवळचं गाव सोडून आमच्याकडे आल्या. इथे त्यांना करमेना. दिवसभर गॅलरीत बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, "फुकटचं खाती म्या." माझं डोकं फिरायचं. मग एक दिवस गोरक्षनाथने त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं, माऊस हातात दिला आणि आपण लिहिलेलं मराठीत करून वाचून दाखवलं. पडद्यावरचं काही वाचता येत नसल्यामुळे त्या सांगितलं तेवढंच करायच्या. त्या अडल्या, की आपल्या लिहिण्यात खोट आहे हे त्याला कळायचं.

"समदं नीट दिसलं की बटन दाब, आई."

"नीट म्हंजी कसं रं? मला तर समदंच नीट दिसतंय."

गोरक्षनाथने ते वाक्य तिथल्या तिथे खोडलं.

बाई खुलल्या. डोक्यावर पदर घेऊन कामाला बसू लागल्या. शेजारच्या रेश्माला तर सांगूनच टाकलं, "दुपारची येत नगं जाऊ, म्या कामाव असती." मी हसले खरी, पण मला फार बरं वाटलं होतं.

पुढे कंपनीत ही तपासणी यंत्रच करू लागलं. सासूबाईंची गरज उरली नाही.

"सांगून टाक त्यांना," मी म्हणाले.

"आणि परत गॅलरीत बसवू?" तो माझ्यावरच उखडला. आपली जुनीच पानं त्यांच्यापुढे उघडत राहिला, "बरोबर केलंस, आई" म्हणत राहिला.

त्या दिवशी मी बँकेत कामावर होते. गोरक्षनाथला राहुरीला जायचं होतं. आईचा वेळ जावा म्हणून त्याने एक जुनं पान उघडायला लावलं आणि सांगितलं, "काम झालं की हिरवी पट्टी येती, ती येईस्तोवर थांब. तवर उठायचं न्हाई, कशाला हात लावायचा न्हाई." ती वेबसाइट केव्हाच बंद पडली होती, हे त्याने पाहिलंच नाही. परतताना रस्त्यात गाडी बंद पडली. त्याने घरी फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजत राहिला. आई झोपली असेल, असं त्याला वाटलं.

सासूबाईंना शुगर होती. गोळी त्यांनी घेतली होती, ताट ओट्यावर झाकलेलं होतं. संध्याकाळी मी दार उघडलं, तेव्हा त्या खुर्चीतच मान टाकून होत्या. हाताखाली माऊस, समोर कोरा पडदा. अंग घामाने गार पडलं होतं. ताट तसंच होतं.

गोळी घेऊन उपाशी राहिल्याने साखर फार उतरली होती. दवाखान्यात सलाईनमधून साखर दिली, पण उशीर झाला होता. मेंदूला इजा झालीय, वाट बघू, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना.

नंतर गोरक्षनाथने 'थांब' या अवजाराच्या माहितीत एक वाक्य घातलं: किती वेळ थांबायचं ते आधी ठरवा, तेवढ्यात काही आलं नाही, तर सोडून द्या आणि माणसाला कळवा. कंपनीतून कौतुकाचा मेल आला. मला तो लॅपटॉप आपटून फोडावासा वाटला.

आता सासूबाई घरीच आहेत, कॉटवर. उठता येत नाही, आम्हाला ओळखत नाहीत. यापुढे सुधारणा नाही, हे डॉक्टरांनीही सांगून टाकलंय. परवा मी भरवत होते, तर एकदम स्पष्ट म्हणाल्या, "आली का गं पट्टी?"

गोरक्षनाथ धावत आला. "आली, आई! हिरवीगार आली बघ. झालं तुझं काम. आता जेवून घे."

त्या समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"मला तर काईच दिसंना," म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.