काकांची जुई

काका येताहेत हे दिसायच्या आधी वासानं कळायचं. केवडा! दोन्ही कानांत अत्तराचे फाये, शिवाय सदऱ्याला, शिवाय रुमालाला. गावातल्या मस्तगड भागात त्यांचं कापडाचं दुकान होतं. तिथून घेतलेलं लुगडं दोनदा धुतलं तरी घमघमायचं. सगळे त्यांना केवडेशेठ म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही. नाजूक वासांची तर ते टिंगलच करत. "ह्यो काय वास हाय? नाकानं हुडकत बसायचं! वास कसा, दारातून हाक मारणारा पाह्यजे."

रझाकारांची धामधूम संपून दोनेक वर्षं झाली असतील, काकूचा दमा बळावला. केवड्याचा वास आला की तिला उबळ यायची, ती थांबायचीच नाही. नवऱ्याला तोंडावर कसं सांगणार बिचारी? मला म्हणाली, "तुझ्या काकांना म्हण, उंबऱ्याबाहेरूनच बोला." मी सांगितलं. काकांचं तोंड एवढंसं झालं. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायकोच्या उशाशी बसायची चोरी!

त्यांनी फाये फेकले, दोन-दोन अंघोळी केल्या. पण वासाशिवाय त्यांना अंगावर सदरा नसल्यासारखं व्हायचं. शेवटी चौकातल्या अत्तरवाल्या चाचांनी त्यांच्या मनगटाला जुई लावली. काकांनी हुंगलं आणि म्हणाले, "चाचा, कुछ आताच नहीं." चाचा हसले. "हौले आती, सेठ. जल्दी नक्को करो."

त्या दिवशी काका भीतभीत आत गेले. काकू खोकली नाही. उलट त्यांचा हात ओढून नाकाशी नेला आणि म्हणाली, "अवो, असे बसा की जवळ."

इथवर ठीक होतं. पण काका त्या जुईवर पार खुळावले. कापड मोजता मोजता मनगट नाकाशी! माझी जीभ मेली आधीपासूनच तिखट. म्हटलं, "काका, घरात दुखणं, आणि तुमचं हे काय चाललंय?" ते चिडले नाहीत. "मला बी लाज वाटून राह्यली, पोरी. ती तिकडं श्वासाला महाग, अन् मी इकडं हात हुंगून राह्यलो. पण जीवच जडला, काय करू?"

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी काकू गेली. जाफराबादहून तिच्या बहिणी आल्या. सवाष्ण गेलेली, म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. केवडेशेठची बायको बिनवासाची कशी पाठवायची? बहिणींनी कोनाड्यातली केवड्याची जुनी कुपी काढून तिच्या पदरावर रिती केली. मायेनंच केलं हो! त्यांना काय ठाऊक? काका दर्शनाला आत आले आणि ओरडले, "अरे, हे काय केलं? तिला सहन न्हाई होत! खोकंल ती!" गुडघे टेकून ते आपल्या रुमालानं तो पदर पुसत राहिले. आम्ही बाया हंबरडा फोडून रडलो.

त्यानंतर काकांनी अत्तराचं नाव घेतलं नाही. पुढं दिवाळीच्या सुमाराला मी दुकानात गेले, तर चाचा भेटीला आलेले. जुन्या सवयीनं त्यांनी काकांच्या हाताला जुई लावली. काकांनी हात नाकाशी नेला, डोळे मिटले. मग मी दिसले, तसा तो हात त्यांनी झटकन धोतराला पुसला.

"अजून आवडतंच बघ," ते म्हणाले. "ती होती तवर म्हणायचो, तिच्यासाठी हाय. आता कुणासाठी आवडून राह्यलंय, सांग बरं?"