सोयरिकीची साखर आणि वंटमुरीचा घाट

बेळगावहून निपाणीला कोळशाच्या मोटरीने जाणार असाल तर मागच्या बाकावर बसू नका आणि सोबत माझी आत्या नेऊ नका. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटरीच्या मागे कोळशाची भट्टी बसवली आहे. पाठ नुसती भाजून निघते. आत्याचं पुढे येईलच.

जाणं भागच होतं. निपाणीच्या घरी धाकट्या बहिणीची, पद्माची, सोयरीक ठरायची होती. चिकोडीचा मुलगा तिला मनापासून आवडला होता. त्याच्या वडिलांनी आमच्याकडचं साखरपाणी घेतलं की होकार. रेशनची साखर कधीच संपलेली, म्हणून आत्याने जपून ठेवलेले खडीसाखरेचे दोन मोठे खडे पदराला बांधले होते.

वंटमुरीच्या घाटात मोटर दमली. "इळीरी, इळीरी!" ड्रायव्हर ओरडला आणि सगळे उतरलो. तिकीट पुरतं घेतात आणि वर ढकलायलाही लावतात! संकेश्वरला चुरमुरे बरे मिळतात. ते खाताना मी आत्याला म्हटलं, "खडे इथंच कुटून घेऊ या. पूड लवकर विरघळते."

"गप रं! सोयरिकीची साखर फोडत्यात व्हय? सोयरीक फुटती."

पोचलो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. मुलाचे वडील, आप्पा, ओसरीवर ताटकळत बसलेले. आम्ही जैन, तेही जैन. दिवस बुडाला की पाण्याचा थेंबही तोंडात जायचा नाही. आणि उद्या सकाळी त्यांना दुसरीकडे मुलगी बघायला जायचं होतं.

आत्याने एक खडा गार पाण्याच्या तांब्यात सोडला. मी ढवळून ढवळून हात मोडून घेतला. खडा आत टणटण वाजतोय आणि पाणी फिक्कं ते फिक्कंच.

"दुसरा बी टाकते. लवकर गोड हुईल."

"एक विरघळेना, तिथं दुसरा काय दिवे लावणार? गरम पाणी हवं, आत्या!"

"पाव्हण्याला गरम पाणी? लोक काय म्हंतील?"

प्यायचं पाणी आमच्यात उकळूनच घेतात. चुलीवरचं पातेलं नुकतंच उकळलं होतं. चुलीपाशी बसलेली पद्मा उठली, तिने तांब्यातला खडा काढून सरळ त्या पातेल्यात टाकला आणि ढवळत राहिली. खडा बोराएवढा झाला, मग दिसेनासा झाला. पेल्याबरोबर बशी घेऊन ती स्वतःच ओसरीवर गेली.

आप्पांनी वाफेकडे पाहिलं. "ह्यो च्या हाय का साखरपाणी, गं?"

"साखरपाणीच हाय, आप्पा. गारात विरघळंना. बशीत वतून फुंकून घ्या, दिस बुडतोय."

आप्पा खो खो हसले. बशीत ओतून, फुंकर मारत त्यांनी सगळं संपवलं, तेव्हा भिंतीवर ऊन जेमतेम उरलं होतं. "लई ग्वाड," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

परतीला घाटात पुन्हा उतरावं लागलं. ढकलून धापा टाकत होतो, तेवढ्यात आत्याने उरलेला खडा माझ्या हातावर ठेवला. "ह्यो तुझा. फोडू नगंस."

असल्या खुळचटपणाला हसावं की रडावं? महिना झाला, रेशनवर साखर नाही, बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही. आज सकाळी चिडून बत्ता उचललाच. खडा फळीवर समोरच होता. बत्ता खाली ठेवला आणि तसाच चहा प्यायलो.