मिसेस क्रँप्टनच्या डोक्यातला उंदीर

मिसेस क्रँप्टन यांच्या डोक्यात उंदीर निघाला, ही गोष्ट साऱ्या लंडनात तिघांनाच माहीत होती आणि तिघांपैकी कोणाचंच तोंड सैल नव्हतं. निदान जेबेझ पेनीफोल्डची तशी समजूत होती.

जेबेझ हा बायकांच्या डोक्यावर केसांचे मनोरे उभे करणारा कारागीर. त्याचा बाप गुरांच्या बाजाराशेजारी फळकुटावर बसून गुरांचे सौदे करणाऱ्या हेडग्यांच्या दाढ्या करायचा. त्या शेणातून उठून जेबेझ स्ट्रँडच्या मागच्या गल्लीत, पडदे लावलेल्या दिवाणखान्यांत पोचला, तो हातांच्या जोरावर कमी आणि गप्प बसण्याच्या जोरावर जास्त. हे गप्प बसणंही काही त्याच्या स्वभावातलं नव्हतं. काम करताना तो ओठांत टाचण्यांचा जुडगा धरायचा, त्यामुळे बोलता यायचं नाही, एवढंच. बायका मात्र समजायच्या, काय गंभीर माणूस आहे!

त्या धंद्यात गंभीर माणूस लागायचाच. लोकरीची उशी डोक्यावर ठेवायची, तिच्यावर घोड्याचे आणि स्वतःचे असे मिळून केस चढवायचे, डुकराच्या चरबीचा लेप थापायचा, वरून पीठ उडवायचं, आणि मग तो डोलारा आठवडेच्या आठवडे तसाच ठेवायचा. बाई बसल्या बसल्या झोपणार, मेण्यात गुडघ्यांवर बसून नाचाला जाणार, हस्तिदंती काडी आत खुपसून खाजवणार. शेवटी एक दिवस 'डोकं उघडायचं'. त्या दिवशी दार लावून घेत, पडदे ओढत, खोलीत व्हिनेगर शिंपडत. आत जे काही निघेल ते केस बांधणाऱ्याने पाहायचं आणि विसरायचं. नवरासुद्धा त्या दिवशी बाहेर जेवायचा.

तर अशाच एका दिवशी मेणबत्त्यांच्या व्यापाऱ्याच्या बायकोचं, म्हणजे मिसेस क्रँप्टन यांचं, डोकं जेबेझने उघडलं आणि उशीतून एक उंदीर बाहेर आला. आला तो घाईनेही नाही. इकडे तिकडे बघून, बाईंच्या खांद्यावरून उतरून, तो चहाच्या टेबलाखाली गेला. मोलकरीण डॉर्कस स्टुलावरून पडली. मिसेस क्रँप्टन मात्र आरशात बघत एवढंच म्हणाल्या, "जेबेझ, तुम्ही काही पाहिलं नाही."

जेबेझने टाचण्यांसकट मान हलवली.

पंधरवडाही झाला नसेल, तोच थॅडियस ग्रूमच्या चित्रांच्या दुकानासमोर ही गर्दी! ग्रूमच्या खिडकीला जितक्या काचा तितकी चित्रं लावलेली असत आणि फुकटात हसायला मिळतं म्हणून अर्धं लंडन तिथे नाक टेकवून उभं असे. जेबेझही त्यात घुसला.

चित्रात खुर्चीवर एक बाई. तिचा केसांचा मनोरा दुमजली घरासारखा, वरच्या मजल्यावर खिडकी, आणि खिडकीतून केसांचा टोप घातलेला एक उंदीर वाकून बघतोय. खाली दात पडलेली मोलकरीण तंगड्या वर करून पडलीय. शेजारी ढेरपोट्या, घामाघूम न्हावी, तोंडात टाचण्या. खाली लिहिलेलं, 'वरच्या मजल्यावरचा भाडेकरू'.

"अरे, हा तर आपला पेनीफोल्ड!" मासे विकणारी बेट्रिस टोपलीसकट वळली. "पोट बघ, पोट! हुबेहूब!"

"मी नव्हे तो," जेबेझ म्हणाला. "आणि ती बाईही मी म्हणतो ती नव्हे."

"तू कुठली म्हणतोस?"

जेबेझची जीभ अडखळली. "म्हणजे, तुम्हाला जी वाटतेय ती नव्हे. त्या बाईंची शोभेची काळी टिकली उजव्या गालावर असते. ही डाव्या गालावर आहे."

गर्दी खो खो हसली. त्यातला एकजण म्हणाला, "अहो मिस्टर, तांब्याच्या पत्र्यावर सरळ काढलं की कागदावर उलटं उमटतं, हे आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. उजव्या गालावर टिकली, म्हणजे क्रँप्टनबाईच! बरं झालं तुम्ही सांगितलंत."

म्हणजे नाव पहिल्यांदा फोडलं ते जेबेझनेच, असं आता म्हणायला मोकळीक झाली.

दुसऱ्या दिवशी क्रँप्टनांकडून बोलावणं आलं. एरवी जेबेझ रस्त्याखालच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत जायचा. त्या दिवशी मात्र त्याला समोरच्या दारात, पायरीवर उभं केलं. दूधवाली आली होती, समोरच्या घराची खिडकी उघडी होती. मिसेस क्रँप्टन स्वतः दारात येऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, "विश्वासाने डोकं तुमच्या हाती दिलं, आणि तुम्ही ते खिडकीत टांगलंत! होय, ती मीच! माझाच उंदीर! आता हे दार तुम्हाला बंद!"

दार धाडकन लागलं. दूधवालीने जेबेझकडे असं पाहिलं, जणू त्याने दुधात चुना टाकला असावा.

संध्याकाळपर्यंत निरोप येऊ लागले. वकीलसाहेबांच्या बायकोला अचानक पडसं झालं. कॅप्टनच्या विधवेने टोपी घालायचं ठरवलं. दोघी बहिणी गावी गेल्या म्हणे, पण त्यांचा कुत्रा खिडकीत भुंकत होता. चार घरांवर जेबेझचा संसार चालायचा. चारही गेली, म्हणजे पुन्हा बापाचं फळकुट, गुरांचा बाजार आणि हेडग्यांच्या दाढ्या. हे त्याने बायकोला सांगितलं नाही, पण बाजाराच्या दिशेने वारा आला की तो खिडकी लावू लागला.

आणि मग जेबेझला संशयाने पछाडलं. पहिला संशय बायकोवर.

"प्रुडन्स, मी झोपेत बोलतो का गं?"

"बोलशील कसा? घोरण्यातून फुरसत मिळाली तर ना!"

"खरं सांग. उंदीर वगैरे काही?"

"उंदरावर आता एक शब्द काढशील तर मटणाचा पाय तुझ्या डोक्यात घालीन. तिथे काय निघेल ते मग ग्रूमला जाऊन सांग."

दुसरा संशय डॉर्कसवर. पंपावर पाणी भरताना त्याने तिला गाठलं.

"डॉर्कस, किती मिळाले ग्रूमकडून?"

तिने बादली खाली ठेवली. जरा शांतपणेच ठेवली, ते वाईट लक्षण होतं. "माझं तोंड बघा, मिस्टर पेनीफोल्ड. नीट बघा." तिने ओठ फाकवले. दात पांढरेशुभ्र, एकही पडलेला नाही. "चित्रात मला बोळकी केलीय. मांड्यांपर्यंत पाय उघडे. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं पीठवाल्याशी, तो काल विचारत होता, हे दात खरे का लाकडी. आणि मी जाऊन सांगितलं म्हणता? सांगणारं माणूस आधी स्वतःला चांगलं काढून घेईल की नाही?"

जेबेझ घरी गेला तो हे वाक्य घेऊन. चांगलं कोण दिसतंय चित्रात? तो स्वतः ढेरपोट्या. डॉर्कस बोळकी. उंदीर तेवढा देखणा होता. पण उंदरावर संशय घेण्याइतकं त्याचं डोकं अजून फिरलं नव्हतं, म्हणजे जेमतेम नव्हतं.

शेवटी तो ग्रूमच्या दुकानातच गेला.

"कल्पना कोणी पाठवली, ते सांगा."

"कसं सांगू?" ग्रूम म्हणाला. "भली भली घरं आमच्याकडे चित्रांच्या कल्पना पाठवतात. आम्ही काढतो, छापतो, पाठवणाऱ्याचं नाव पोटात ठेवतो. तुम्ही नाही का डोकी उघडून गप्प बसत?"

"मी बसतो हो. पण आता कोणाला पटत नाही."

"मग माझंही तसंच व्हावं म्हणता?"

जेबेझ परत जायला वळला. पण ग्रूमचा टोप बघून जेबेझचे हात शिवशिवले. मांजर धुवून वाळत घातल्यासारखा तो टोप दिसत होता. "हा तरी नीट करून देतो. उगाच रिकाम्या हाताने परत नको जायला," असं म्हणून त्याने पिशवी उघडली. ग्रूमने त्याच्याकडे जरा वेळ डोळे बारीक करून पाहिलं, पण टोप फुकट विंचरून मिळतोय, हा मोह त्याला आवरला नाही. पीठ उडतं म्हणून त्याने जेबेझला मागच्या खोलीत पिटाळलं.

तिथेच चित्रं रंगवत. लांब टेबलाभोवती तीन बायका बसलेल्या, एकीने लाल लावला की चित्र सरकवायचं, दुसरीने निळा. उंदराच्याच चित्राची थप्पी चालली होती. समोरच्या भिंतीवर नमुन्याचं चित्र टांगलेलं. त्याला टाचणीने रेशमाची एक चिंधी अडकवलेली.

जेबेझच्या हातातला कंगवा थांबला. पारव्याच्या गळ्यासारखा रंग. जरा हललं की हिरवा, जरा हललं की जांभळा. ही फीत त्याने स्वतः क्रँप्टनबाईंसाठी निवडली होती. पुढच्या वेळी डोकं बांधताना लावायची म्हणून ती अजून बाईंच्या कपाटात, त्यांच्या चावीखाली होती.

"हा रंग भारी आहे," तो सहज म्हणावं तसं म्हणाला.

"भारी कसला, डोकेदुखी!" रंगवणारी म्हातारी म्हणाली. "कल्पना ज्यांनी पाठवली, त्यांचा हट्ट, झगा ह्याच रंगाचा हवा. चिंधी पाठवून दिली. आणि नाक! पहिल्या छापात नाक चांगलं ठसठशीत होतं, ते बघ तिकडे. तर म्हणे लहान करा. पत्रा घासला, ठोकला, पुन्हा कोरला. तरी म्हणे अजून लहान. कंबरही दोनदा बारीक केली."

जेबेझने पहिला छाप पाहिला. ते नाक तो वर्षानुवर्षं आरशात बघत आला होता. मग त्याने खिडकीतलं चित्र आठवलं. नाजूक नाक, मुठीत मावेल अशी कंबर. आणि समोरच्या दारात, दूधवालीसमोर, 'ती मीच!' म्हणून ओरडलेल्या बाई.

गेल्या वर्षी दारूभट्टीवाल्याच्या बायकोचं, मिसेस स्पर्लिंगचं, चित्र याच खिडकीत लागलं होतं. मनोऱ्यासकट त्या मेण्याच्या दारात अडकलेल्या. तेव्हापासून एकही नाच त्यांच्याशिवाय होत नव्हता, आणि क्रँप्टनबाईंना मात्र कोणी चहालाही विचारत नव्हतं.

"ही चिंधी मला देता?"

"घे बाबा. रंग आता पाठ झालाय."

रस्त्यावर आल्यावर जेबेझला धावत सुटावंसं वाटलं. बेट्रिसला सांगावं, दूधवालीला सांगावं, पंपावर उभं राहून ओरडावं. कोपऱ्यापर्यंत तो गेलाही. मग थांबला. आपण तोंड उघडत नाही, हे सिद्ध करायला तोंड उघडायचं? बाईंनी हे सगळं आधीच ओळखून तर आळ घालायला त्याला निवडला नव्हता? त्याला खात्रीच वाटू लागली, की निवडलाच होता.

त्याने चिंधी कोटाच्या छातीवर टाचली आणि क्रँप्टनांचं समोरचं दार वाजवलं आणि ते उघडताच तो सरळ वर गेला.

वर चहा चालू होता. पाहुण्या म्हणून चक्क मिसेस स्पर्लिंग आल्या होत्या. "अगं बाई, हाच ना तो घरभेदी?" त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवून बसल्या.

मिसेस क्रँप्टन काही कडक बोलायला निघाल्या होत्या. त्यांची नजर त्याच्या छातीवर गेली. त्यांनी कप खाली ठेवला.

"पुढच्या वेळची फीत, बाईसाहेब," जेबेझ म्हणाला. "दुकानात नमुना दिसला. म्हटलं, तुम्हालाच आधी दाखवावा."

"कुठल्या दुकानात?" मिसेस स्पर्लिंगनी विचारलं.

जेबेझने पिशवीतून टाचण्या काढल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या. क्रँप्टनबाई प्रत्येक टाचणीकडे बघत होत्या.

"फितींच्याच," त्या घाईने म्हणाल्या. "आणि घरभेदी वगैरे काही नाही हो! माझाच गैरसमज झाला. जेबेझसारखा बंद तोंडाचा माणूस लंडनात नाही. उद्याच मी वकीलसाहेबांच्या बायकोला सांगते. सगळ्यांनाच सांगते. समोरच्या दारातून या हं, जेबेझ."

जेबेझने मान हलवली आणि चिंधी छातीवरून काढून खिशात टाकली. बाईंचं लक्ष खिशाकडे होतं.

चार घरं परत आली. दोन नवी मिळाली. पण बाईंच्या या ग्वाहीचा लोक वेगळाच अर्थ लावणार, हे त्याला त्या चहाच्या दिवशीच जिन्यात कळलं होतं. मिसेस स्पर्लिंग मागून उतरत आल्या आणि पंखा तोंडापुढे धरून पुटपुटल्या, "क्रँप्टनबाई तुमची इतकी बाजू घेते, म्हणजे ग्रूमला सांगणारे नक्की तुम्हीच. नाही, नाही, शपथा घेऊ नका, त्याने संशय वाढतो. मंगळवारी माझं डोकं उघडायचंय. आत काय निघेल ते निघेल. फक्त गेल्या खेपेला चित्रात माझी हनुवटी फार मोठी आली होती. तेवढी बघा."

गेल्या खेपेला म्हणजे? जेबेझ विचारणार होता, पण टाचण्या अजून ओठांतच होत्या.

मंगळवारी तो गेला तर पडदे उघडे होते. व्हिनेगर शिंपडलेलं नव्हतं. मिसेस स्पर्लिंग उजेडाकडे तोंड करून, हनुवटी मागे ओढून, हलायचं नाही अशा बेताने बसल्या होत्या.