टाकी किती लिटरची?

आमच्या आंबिवलीच्या बिल्डिंगला पाणी दिवसाआड येतं, तेही पाऊण तास. त्यामुळे नळ दिसला की आई भरते. लग्नाच्या हॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, एकदा माझ्या कॉलेजच्या कूलरवरसुद्धा. माजिवड्याला आम्ही भाड्याची मोटरहोम ताब्यात घेतली, तेव्हा तिने ना बेड बघितले, ना टॉयलेट. मालकाला विचारलं, "टाकी किती लिटरची?"

ट्रिप बाबांसाठी होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. सव्वीस वर्षं कंपनीची बस चालवलेला माणूस घरी बसला होता. गाडी चालवायची नाही, वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. त्यांची फाइल माझ्याकडे असते, कारण घरात इंग्रजी वाचायचं काम माझं. गुजरातच्या किनाऱ्यावर समुद्राचंच एक राष्ट्रीय उद्यान आहे. ओहोटीला तिथे गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन प्रवाळ बघतात. बाबांनी ते टीव्हीवर पाहिलेलं. दादा चालवेल, बाबा शेजारी बसतील, असं ठरलं.

"क्लच सोड हळू."

"सोडलाय, बाबा."

"सोडलाय म्हणे. गाडी रडतेय बघ."

"गाडी नाही, मी रडतोय."

मागे आई हसली. मला हसू आलं नाही. बाबांचा उजवा पाय त्यांच्यासमोरच्या रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तर फाटक बंद. आभाळ खाली आलेलं, वारा एवढा की गाडी उभ्या जागी हलत होती. "तूफान आ रहा है, बहन. वापस जाओ," गार्ड आईला म्हणाला. आईने त्याला फाटकाशेजारचा नळ वापरू का विचारलं. मग टाकी काठोकाठ, दहा लिटरचे आठ कॅन, झाकणाची बादली आणि कुकर.

"घर बांधना है क्या?" गार्डने विचारलं.

गाडीची मागची बाजू खाली बसलेली मला दिसत होती. बोलायला हवं होतं. पण माझं वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार होतं, आणि मराठीत येईपर्यंत विषय बदललेला असतो. शिवाय पाणी भरण्यावर आमच्या घरात कोणी काही बोलत नाही.

"एवढं लांब आलो ते फाटक बघायला?" बाबा म्हणाले. मिठागरांच्या कडेने एक कच्चा बांध समुद्राकडे जात होता. "पाच मिनिटं. नुसता बघून येऊ."

त्यांना नाही म्हणणं दादाला जमलं नाही. बांधाच्या मध्यावर पाऊस सुरू झाला आणि मागचं चाक रुतलं. दादाने रेस दिली, ते आणखी खाली गेलं. खाडीला भरती लागली होती. पाणी बांधाच्या खालच्या दगडांना लागत होतं.

बाबांनी दार उघडलं. "तू स्टिअरिंग धर. मी ढकलतो."

"अहो, नको," आई म्हणाली.

"अशा किती काढल्यात मी."

मी त्यांच्यामागे उतरले. त्यांनी दोन्ही हात गाडीला टेकले. मनगटावर सुई घातल्याचा डाग अजून होता.

"बाबा, डोंट! हात काढा! तुम्हाला काही झालं तर इथे कोण आहे आपलं?"

घरात कोणी माझा एवढा आवाज ऐकला नव्हता. बाबांनी हात काढले. माझ्याकडे बघितलं ते अनोळखी बाईकडे बघावं तसं. तेवढ्यात मी आईलाही म्हणाले, "पाणी ओत. गाडी जड झालीये."

"सगळं?"

"सगळं."

पहिला कॅन तिने कुंड्यांना घालावं तसा हळूहळू ओतला. तिसऱ्यापासून तोंड फिरवून नुसती उलटे करत गेली. दादाने टाकीचा नळ सोडला. चाकाखाली पायपुसणी घातली, मी आणि आईने ढकललं. बाबा बाजूला रिकामे कॅन धरून उभे होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. तेवढंच काम आम्ही त्यांना दिलं होतं.

तिसऱ्या खेपेला गाडी निघाली.

बाबा पुढे बसले नाहीत. मागे येऊन खिडकीशी बसले. रस्त्याला लागताना दादाचा गिअर खरखरला. तो थांबला, आरशातून मागे बघितलं.

"बाबा, ओरडा ना," दादा म्हणाला.

"गोळीची वेळ झाली," बाबा म्हणाले.

मी गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि पाण्यासाठी वळले. मग सगळ्यांना एकदमच आठवलं. बाहेर धो धो पाऊस आणि गाडीत थेंब नाही. बाबांनी गोळी कोरडीच गिळली. दोनदा गिळावी लागली.

तासाभराने पेट्रोल पंप आला. भिंतीला नळ होता. आई जागची हलली नाही. बाबांनी एक कॅन उचलला आणि भिजत नळापाशी गेले. मी दारात उभी राहिले. कॅन अर्धा भरल्यावर त्यांनी नळ बंद केला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तो अर्धाच घेऊन आले.